एका लोणाची आघाडी

आट्यापाट्यांत पुढे जाणं सोपं, मिळालेली आघाडी राखणं महाकठीण, असं माझा थोरला भाऊ म्हणायचा. कल्याणच्या आमच्या घरामागे परसात तो राखेने पाट्या आखायचा: पाच आडव्या आणि त्यांना मधोमध छेदणारी एक उभी, ती सूर. पाटीवरच्या गड्याने पाटी सोडायची नाही. ओलांडणाऱ्याला हात लावला की तो मेला. सगळ्या पाट्या ओलांडून जो जिवंत परत येई, त्याचं एक लोण. आंब्याची सावली विहिरीला टेकली की डाव संपे, आणि बरोबरी असली तर पुन्हा एक.

दादा सूर धरायचा. घराकडची पाटी, जी ओलांडल्याशिवाय परतणाऱ्याला सुटका नसे, ती माझी. मुलीला पाटी कशाला, म्हणून मुलं नाकं मुरडत. पण माझ्याइतकं चिवट आळीत कुणी नव्हतं, हे मी आज म्हातारपणीही सांगेन. दादाने शिकवलं होतं, "तोंडाकडे बघू नकोस, तोंड खोटं बोलतं. कमरेकडे बघ. आणि आघाडी असली की मारायच्या मागे लागू नकोस, नुसतं कोंडून ठेव."

माझं लग्न नवव्या वर्षीच झालं होतं. अकराव्या वर्षी मला कायमची ठाण्याला न्यायला चुलतसासरे आले, तेही होडीने, कारण आगगाडीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते जेवून ओटीवर लवंडले. ओहोटी लागली की निघायचं होतं. मी लुगड्याचा काचा मारून परसात पळाले तशी आई कडाडली, पण वडील म्हणाले, "खेळू दे गं. एवढा डाव संपला की पाठवू."

आम्ही एका लोणाने पुढे होतो. सावली विहिरीपासून हातभर राहिली होती. समोरच्यांचा एकच गडी जिवंत होता, एक काटकुळा मुलगा. तो सगळ्या पाट्या ओलांडून परतला आणि माझ्यासमोर अडकला. त्याने डावीकडे हूल दिली, उजवीकडे दिली. मी ढिम्म. मला नुसतं उभं राहायचं होतं. आणि उभ्याउभ्याच माझ्या लक्षात आलं की सावली टेकली की मी जिंकणार, आणि जिंकले की जाणार.

त्याची कंबर उजवीकडे वळलेली मला स्वच्छ दिसली. मी डावीकडे धावले.

"लोण!" म्हणून ती मुलं नाचायला लागली. आमच्यातला एकजण ओरडला, "तरी सांगत होतो, पोरीला पाटी देऊ नका!" दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बरोबरी. आणखी एक डाव," म्हणाला आणि न पुसलेल्या पाट्या पुन्हा राखेने आखत बसला, अगदी सावकाश.

तो डाव अर्धाच राहिला. पाणी उतरायला लागलं म्हणून नावाडी सांगत आला, आणि राखेने भरलेल्या पायांनीच मी होडीत बसले.

सासरी सगळं चांगलं झालं, तक्रार करायला जागा नाही. पण ते परस मला हवं होतं. मुलं झाली, सुना आल्या, तरी हवंच होतं. आणि मनात एक काटा होता: दादाचा जिंकलेला डाव मी मुद्दाम घालवला. बहिणीने डाव बुडवला म्हणून आळीने त्याला कितीतरी वर्षं चिडवलं. दर भाऊबीजेला तो यायचा, दर वेळी सांगेन म्हणायचे आणि ताट वाढायला उठायचे.

दोघांचेही केस पांढरे झाल्यावर एका भाऊबीजेला एकदाचं सांगून टाकलं. तो रागावेल असं वाटलं होतं.

"अगं, पण तो तुझ्यापर्यंत पोचलाच कसा?" दादा म्हणाला. "सुरावर माझ्या हाताखालून गेला. मी हात आखडला."

मी ओवाळायचं तबक खाली ठेवलं आणि सुनांसमोर ढसाढसा रडले. एवढी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी मला घरी ठेवून घ्यायला मी एकटीच धडपडत होते.