ताट गप्प होईपर्यंत

माहरुख बीबी ताट कानाला लावायची. आपण फोन लावतो तसं, पण डोळे मिटून. मग ते फळीवर परत ठेवायची आणि म्हणायची, "नहीं हबीबी. ये अभी बोलता है."

पहिल्यांदा मला वाटलं, ही भाव वाढवायची नवी तऱ्हा. दुबईत जबल अली बंदराच्या गोदामात खोकी उचलण्यापासून सुरुवात करून मी करामा भागात क्रोकरीचं दुकान उभं केलंय. असल्या तऱ्हा मला पाठ आहेत.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, एका टायरवाल्याच्या मागे तिची कुंभारकामाची शेड. माणसं इराणातल्या मेबोदची. चाकावर सून नसरीन, भट्टीपाशी दोन मोठ्या नाती. ताटावर सूर्य मात्र बीबीच काढायची: बाईचा चेहरा, जुळलेल्या भुवया, भोवती किरणं. सासूच्या सासूपासून चालत आलेला. तरी एक चेहरा दुसऱ्यासारखा नसे.

तिथे एसी लावत नसत. गार वाऱ्याने ओली माती तडकते. भर दुपारच्या उकाड्यात चौघी मुकाट काम करायच्या आणि फळीवरून आवाज यायचा. टिंग. जरा वेळाने दुसऱ्या कोपऱ्यातून, टिंग. भट्टीतून निघालेल्या ताटाची झिलई आतल्या आत तडकत राहते, कधी आठवडाभर, कधी दोन महिने, त्याचा तो आवाज. कारण ठाऊक असूनही, इतके चेहरे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर माझ्या मानेवर काटा यायचा. टिंग झालं की चौघींचे हात थांबायचे, जणू घरातलं वडीलधारं माणूस बोललं. ताट गप्प झाल्याशिवाय ते घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नियम. "पहले उसका बात खलास होने दो," बीबी म्हणायची.

एका नव्या हॉटेलला मी दोनशे ताटांचा शब्द दिला होता. उद्घाटन गुरुवारी. बुधवारी गाडी घेऊन गेलो. ताटं तयार, पुसून ठेवलेली. बीबी एकेक कानाला लावत गेली आणि बाजूला सारत गेली. माझ्या वाट्याला अकरा आली.

"बीबी, लोग उसमें बिर्याणी खाएगा, उससे बात नहीं करेगा!"

"तुम तो बिर्याणी खाते टाइम भी चिल्लाता है."

नाती फिसकन हसल्या. मी पेटलो. आधी जास्त भाव देऊ केला, मग शेडमालकाला सांगून जागा खाली करवीन म्हणालो. ते बोलायला नको होतं. बीबी उठली, ताटावर मारतात तशी माझ्या छातीवर टिचकी मारली आणि कान पुढे केला. मग फारसीत काहीतरी पुटपुटली.

"क्या बोली?" मी नसरीनला विचारलं.

"बोली, इसको भी अभी रखना पड़ेगा."

हॉटेलने दुसऱ्याची ताटं घेतली आणि त्यानंतर माझ्याकडून चमचासुद्धा घेतला नाही. तो राग मी चार वर्षं जपला. तरी शेडवर जात राहिलो. असा माल दुसरीकडे नव्हता. एकदा वरच्या फळीवर एक सूर्य दिसला. त्याला मिशी होती. माझी मिशी, माझ्या भुवया, तोंड उघडं.

"ये किसका है?"

"तुम्हारा. अभी बोलता है."

प्रत्येक खेपेला मी तिकडे बघायचो आणि ती मान हलवायची. पुढे मी विचारणंच सोडलं.

यंदा ईदनंतर गेलो तेव्हा बीबीच्या जागी थोरली नात बसली होती. ती सूर्याच्या भुवया काढत होती. बीबी आठवड्यापूर्वी गेली, नसरीन म्हणाली. भट्टी तीनच दिवसांपूर्वी उघडली होती, फळ्या भरलेल्या होत्या, पण मी होतो तोवर एकही ताट वाजलं नाही. नसरीनने ते मिशीवालं ताट खाली उतरवलं.

"अम्मी बोली थी, चुप हो जाए तो देना. जिस दिन वो गई, उस दिन से चुप है."

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता वस्तू घेतली.

आता ते करामातल्या दुकानात, माझ्या खुर्चीच्या मागे टांगलंय. त्या बुधवारी तिने ताटं द्यायला हवी होती, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. परवा एका सप्लायरला फोनवर झापत होतो. आवाज चांगलाच चढला होता. तेवढ्यात पाठीमागून स्पष्ट ऐकू आलं.

टिंग.

"हॅलो? शेठ? हॅलो?" पलीकडचा विचारत राहिला. मी फोन कानाला लावून, डोळे मिटून, ऐकत होतो.