टेंभुर्णीतली अर्धी कहाणी

जालन्याला उतरले तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. नाशिकहून निघालेली गाडी दीड तास उशिरा पोचली. त्यात नवीन जालन्याच्या स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याने, टेंभुर्णीची एसटी "आत्ताच गेली बघा" हे इतक्या आनंदाने सांगितलं की त्याच्या रिक्षाला एक लाथ घालावीशी वाटली.

काम एवढंसं होतं. माझ्या आईला, विमलला, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून तिचं बोलणं जवळजवळ थांबलंय, चहासुद्धा खुणेनेच मागते. पण दिवाळीपासून ती अचानक एक कहाणी म्हणू लागली, स्पष्ट, एका दमात. मी ती जन्मात ऐकलेली नव्हती. नवी नवरी सासरी निघते, वाटेत नदीला पूर येतो, काठावर उभी राहून ती म्हणते, "नदीमाय, मला वाट दे." इथे आई थांबते. माझ्याकडे बघते. "म्हण," म्हणते. मी काय कपाळ म्हणणार? मग ती चिडते, रडते, ताट सारून देते. हे रोज चालायचं. जेवण तुटल्यामुळे ती पार खंगली होती. डॉक्टरांचं म्हणणं, पुढचं आठवत नाही म्हणून त्रास होतो. तेव्हा तिच्या माहेरी जायचं, तिच्या बालमैत्रिणीकडून, द्वारकामावशीकडून, पुढचं फोनमध्ये रेकॉर्ड करायचं आणि परतायचं, असा बेत. मावशींना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हा खटाटोप. एकतीस वर्षं मी शाळेत मुलांना "घोकू नका, समजून घ्या" म्हणत आले आणि आता एका घोकलेल्या कहाणीमागे उन्हातान्हात फिरत होते.

पुढची एसटी दोन तासांनी मिळाली, तीही उभ्यानेच. खिडकीबाहेर पऱ्हाट्या (कापूस वेचून झालेली वाळकी झाडं) आणि मिरचीच्या बियाण्यासाठी उभारलेल्या पांढऱ्या जाळ्या. शेजारच्या बाईंची पिशवी सारा वेळ माझ्या पायावर होती.

द्वारकामावशी ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, पण ताठ.

"विमलची पोरगी का? तुझी माय न्हाई आली?"

"तिला चालता येत नाही, मावशी."

त्यांनी सुनेला, सुनीताला, हाक मारली आणि मला जेवायला बसवलं. भाकरी, येसर (भाजलेल्या धान्या-डाळींच्या पिठाची झणझणीत आमटी) आणि शेंगदाण्याची चटणी. जेवण अप्रतिम होतं, हे रागातही कबूल करते.

"मावशी, ती कहाणी पुरी सांगाल?"

"श्रावणातली हाय ती. आत्ता कशी सांगू?" मग थोड्या वेळाने, "बरं, विमलसाठी सांगते."

माझ्या मुठीत त्यांनी ज्वारीचे दाणे दिले. कहाणी संपेपर्यंत मूठ सोडायची नाही आणि दर वाक्याला "हूं" म्हणायचं. दुसऱ्या हाताने मी फोन धरला.

त्यांनी सुरुवात केली. कुकरची शिट्टी झाली. "मोडली. पहिल्यापासून." पुन्हा सुरुवात. शेजारीण डोकावली, कोण आलंय म्हणून. "मोडली." तिसऱ्यांदा, फोन चालू आहे का ते बघताना माझं "हूं" राहिलं.

"ऐकून राह्यली का फोन बघून राह्यली?"

चौथ्यांदा मात्र त्या स्वतःच अडखळल्या. नवरीच्या वाटेत आधी देऊळ आलं, मग आंबा, मग परत देऊळ. माझा संयम संपला. फोन बाजेवर आपटला आणि जवळजवळ ओरडलेच, "आधी आंबा, मावशी! मग विहीर, मग देऊळ!" आणि त्याच तावात अख्खी कहाणी घडाघडा म्हणत सुटले. आईकडून रोज ऐकून ती मला पाठ झाली होती, हे मलाच ठाऊक नव्हतं. "नदीमाय, मला वाट दे" पाशी आले आणि थांबले, कारण पुढे माझ्याकडे काही नव्हतं.

मावशींनी श्वाससुद्धा घेतला नाही. "नदी म्हणाली, वाट देते गं बाई, पण तिकडं गेल्यावर वळून एकदा हाक मारशील का?" आणि तिथून शेवटापर्यंत न अडता, न चुकता. मी "हूं, हूं" करत राहिले.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "पहिली अर्धी विमलची, पुढली माझी. आमच्याकडं एकटीला पुरी देत नव्हते. जोडीजोडीनं शिकवायचे, म्हंजे दोघींना बराबर यावं लागायचं."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तू पुरी सांगा म्हटली. एवढ्या लांबून आल्ती, पाव्हणीला न्हाई कसं म्हणू?"

मी कपाळावर हात मारला. आई विसरली नव्हतीच. ती माझी पाळी आली म्हणून सांगत होती, आणि मी दगडासारखी बसून राहत होते. मला माझीच लाज वाटली.

फोन बंद पडला होता. पुन्हा म्हणा म्हटलं तर मावशींनी साफ नकार दिला. "फोन काय विमलला हुंकार देणार का? माझी अर्धी तू घे."

मुक्काम पडला. सकाळी त्यांनी मला ओळीओळीने म्हणायला लावलं, चुकले की पहिल्यापासून. परतीच्या एसटीत मी ओठ हलवत घोकत होते आणि कंडक्टर माझ्याकडे काळजीने बघत होता.

घरी आले तेव्हा आई जागी होती. तिच्या चांगल्या हातात ज्वारी ठेवली, थोडी माझ्या मुठीत घेतली. आंबा, विहीर, देऊळ, नदी झाली. "म्हण," ती वैतागून म्हणाली. मी म्हटलं. दोनदा चुकले, दोनदा तिने बोटाने मागे पाठवलं. संपल्यावर तिने मूठ उघडली. मग दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मला काहीतरी विचारलं.

"द्वारकी बरी हाय का गं?"

आता ती दोन वेळ जेवते. कहाणी मात्र दिवसातून चार वेळा होते, दूध उतू जात असलं तरीही. मी पुटपुटते, चिडते, आणि मुठीतली ज्वारी सांभाळत गॅस कोपराने बंद करते.