मधली सीट

मागच्या हिवाळ्यात माझ्या अंगणात दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या. दोन्ही सात सीटच्या, दोन्ही डिझेलच्या, दोन्ही पांढऱ्या. चालवायला घरात मी एकटा.

एक माझी होती, दुसरी माझ्या साळ्याची. माझं पांढुर्ण्यात कापडाचं दुकान, त्याचा सौंसरला संत्र्याचा बगीचा. आम्ही एकाच दसऱ्याला गाड्या घेतल्या, पण वेगवेगळ्या कंपनीच्या. मी म्हटलं होतं, सारख्याच घेऊ. तर तो म्हणाला, "भाऊजी, मंग भांडाचं कशावर?"

मग आम्ही मनसोक्त भांडलो. माझी गाडी उंच आणि दणकट. बगीच्याच्या चिखलात त्याची एकदा रुतली, तेव्हा माझ्याच गाडीनं दोर बांधून काढली. हे मी त्याला निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. छिंदवाड्याच्या घाटात माझी पूर्ण भरलेली असली तरी तिसऱ्या गिअरवर चढायची. त्याची दम खायची, पण सपाट रस्त्यावर पाण्यासारखी चालायची आणि डिझेलही कमी प्यायची. "तुमची गाडी म्हणजे ट्रक हाय," तो म्हणायचा. "आन् तुझी म्हणजे पाळणा," मी म्हणायचो.

या भांडणात माझी बायको कधी पडली नाही. मात्र दोन्ही घरं मिळून जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघालो, की ती भावाच्या गाडीत बसायची. माझ्या गाडीजवळ यायची, पदर सावरायची आणि म्हणायची, "मी तिकडं बसतो, वहिनीशी बोलाचं हाय." मला वाटायचं, माहेरचा ओढा. एकदा मी सगळ्यांसमोर बोललोही, "नवऱ्याची गाडी पसंत नाही वाटते बाईसाहेबांना." सगळे हसले. तीही हसली.

ती जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर साळा दर रविवारी सौंसरहून यायचा, ओसरीवर चहा प्यायचा, माझ्या गाडीला एखादं नाव ठेवायचा आणि जायचा. गेल्या पावसाळ्यात तोही अर्धांगवायूनं गेला. त्याची बायको पुण्याला लेकीकडे राहायला निघाली, तेव्हा तिनं गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "इथं उभी राहून सडन. तुम्ही वापरा, नाहीतर चांगल्या घरी द्या." कागदपत्रंही तिनं माझ्या नावानं करून दिली.

असा मी दोन्ही गाड्यांचा मालक झालो. एक दिवस ही काढायचो, एक दिवस ती, बॅटरी उतरू नये म्हणून. जायचं कुठं, हा प्रश्न असायचाच. सावरगावच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचो. भाजीची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली की माझी गाडी पट्टा लावा म्हणून किणकिणायची. मी पिशवीला पट्टा लावून द्यायचो.

दिवाळीनंतर माझ्या गाडीच्या मागच्या बाजूनं खडखड यायला लागली. गॅरेजच्या मिस्त्रीनं चक्कर मारली, पण त्याला नेमकी जागा सापडेना. तो म्हणाला, "काका, मी चालवतो, तुम्ही मंधात बसा. आवाज कुठून येऊन राहिला ते ऐका."

मी मधल्या सीटवर बसायला गेलो आणि पहिल्यांदा लक्षात आलं, की सहा वर्षांत मी तिथं कधी बसलोच नव्हतो. पायदान इतकं उंच, की वरच्या दांडीला लोंबकळून चढावं लागलं. मिस्त्री मोहगावच्या रस्त्याला लागला. स्टेअरिंगवर असताना ज्या खड्ड्याची मला खबरही नसायची, तो आता थेट मणक्यात बसत होता. वळणावर धरायला काही सापडेना. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. एसीची हवा डोक्यावरून निघून जायची.

बायकोचे गुडघे शेवटची पाच-सहा वर्षं दुखत होते. भावाची गाडी नसायची तेव्हा ती याच सीटवर बसायची. समोरच्या सीटवर बसली की समोरून येणाऱ्या ट्रकची तिला भीती वाटे. नागपूरच्या दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या तिनं इथं बसून केल्या होत्या. आणि मी पुढून विचारायचो, "पाहिलं, कशी पळते?"

"सापडला का आवाज?" मिस्त्रीनं विचारलं.

मी ऐकलाच नव्हता. परत फिरायला सांगितलं आणि घरी आल्यावर म्हणालो, "आता ती दुसरी काढ. मी मागंच बसतो." त्याला काही समजलं नाही, पण त्यानं काढली. साळ्याच्या गाडीचं पायदान बुटकं होतं. पाय लांब करता येत होते. त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यांतून ती झुलत गेली. साळा खरं बोलत होता. आणि हे ज्याच्यासमोर मान्य करायचं, तोच नव्हता. मिस्त्रीला सांगून काय उपयोग?

मिस्त्रीनं पुढं ती खडखड काढली आणि मी दोनपैकी माझी विकायचं ठरवलं. मोहगावचं एक कुटुंब माझी गाडी बघायला आलं. दोघं भाऊ, त्यांच्या बायका, दोन मुली आणि सत्तरीची आई. सगळे आत बसून पाहायला लागले. भावांना गाडी आवडली. म्हातारी मात्र पायदानावर एक पाय ठेवून तशीच उभी राहिली. लेक म्हणाला, "हात दे, आई, वढतो." ती म्हणाली, "राहू दे ना, मी घरीच राहीन."

मी म्हणालो, "बाई, त्या दुसरीत बसून पाहा."

ती एकटी चढली. मधल्या सीटवर टेकली आणि पाय पसरून म्हणाली, "हे बरी हाय."

"पण काका, विकायची तर ही होती ना?" मोठ्या भावानं विचारलं. "दोन्हीत चांगली कोणती, खरं सांगा."

"चालवणाऱ्यासाठी माझी. बसणाऱ्यासाठी ती," मी म्हणालो. "तुमच्या घरी बसणारे जास्त आहेत. तीच न्या."

आठ दिवसांनी ते साळ्याची गाडी घेऊन गेले. फाटकाबाहेर वळताना मागच्या काचेतून मुलींनी हात हलवला. घरात येऊन मी पुण्याला फोन केला. साळ्याच्या बायकोला सांगितलं, चांगल्या घरी गेली. ती "बरं झालं" म्हणाली.

रविवारी हैदराबादहून माझ्या मुलीचा फोन आला. तिला मी सगळं सांगितलं, मधल्या सीटचंसुद्धा. ती म्हणाली, "बाबा, आई मला सांगायची. आपल्या गाडीत लय दणके बसतात म्हणायची."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"ती म्हणायची, त्यांना एवढी हौस आहे, आपण कशाला बोलायचं."

मी तिला विचारलं, आज जेवायला काय केलं. ती सांगत राहिली आणि मी फोन कानाला लावून ओसरीवर बसून राहिलो.