मेव्हण्याच्या पिशवीतल्या दोऱ्या

आमच्या बिदर जिल्ह्यात माझ्या मेव्हण्याएवढा भित्रा माणूस दुसरा सापडायचा न्हाई, आणि गंमत अशी की तो स्वतःसाठी एकदाही भ्यालेला न्हाई. घरात साप निघाला तर काठीनं उचलून बाहेर सोडून येतो, पण गायरानाकडं एखादं मोकळं कुत्रं चाललेलं दिसलं की त्याच्या तळव्यांना घाम सुटतो. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. बसवर कंडक्टर होता, आता घरी बसून अंबाडीच्या दोऱ्या वळतो. घरी बसून म्हणायचं, बसत कुठंच न्हाई. तिकिटाच्या जुन्या कातडी पिशवीत दोऱ्या घालून गावभर हिंडतो, आणि कुठली दोरी कुणाच्या कुत्र्याच्या गळ्याची हे त्याला तोंडपाठ. कमलनगरला एका लग्नात जेवायला बसलो, तर यानं नवरीच्या बापालाच विचारलं, "पाव्हणं, तुमचं कुत्रं बांधलंय का?" नवरदेव काय करतो हे त्याला अजून माहीत न्हाई.

त्याचा सगळा जीव गावामागच्या गायरानात. तिथं गावाची गुरं चरतात, आमच्यासारखी म्हातारी माणसं सकाळी पाय मोकळे करतात, आणि काळविटांचा कळपही तिथंच असतो. ससे, टिटव्या वेगळ्याच. गावच्या कुत्र्यांना ते सगळं खेळणं वाटतं. एकदा त्याला पायवाटेच्या कडेला टिटवीची चार अंडी दिसली, उघड्या जमिनीवर. यानं लांबून दगड मांडले आणि छत्री उघडून राखणीला उभा राहिला. बस गेली, जेवणाची वेळ गेली. जीपवाला थांबून म्हणाला, "अण्णा, अंडी तुम्हीच घातलाव का?" हा रागावला न्हाई. म्हणाला, "हसू नको. तुझं कुत्रं कुठं हाय ते सांग आधी."

हसणाऱ्यांत मी पहिला. माझ्या घरी गुंडी होती. पिल्लू असताना बायकोनं उकिरड्यावरून पदरात उचलून आणलेली. आमच्या घरात खंडोबा. चंपाषष्ठीला नैवेद्य आधी कुत्र्याला, मग माणसांना. आणि देवाचं कुत्रं बांधायचं न्हाई, हा बायकोचा नेम. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तिची लुगडी वाटली, चष्मा शेजारणीनं मागितला तो दिला, पण नेम कुणाला देणार? मेव्हणा रोज येऊन ओट्यावर बसायचा आणि दोरी पुढं सरकवायचा. "दाजी, हरणी व्यायला लागल्यात. पाडसं गवतात पडून असतात, पळता येत न्हाई त्यांना. गुंडीला बांधा." मी म्हणायचो, "तुझ्या अक्कानं बांधली न्हाई, आन् मी बांधू? कुणाला सांगायलास?" मग हा बहाद्दर दोरी घेऊन देवळात गेला आणि तिला भंडारा चोळून आला. हळदीनं पिवळीजर्द. "आता ही देवाचीच दोरी झाली. आता तरी?" मी ती अंगणात भिरकावली. म्हणालो, "देव तुझ्या पिशवीत बसायलाय व्हय?" त्यानं दोरी उचलली, झटकली, पिशवीत ठेवली आणि निघून गेला. ती त्याचीही बहीण होती, हे मला त्या वेळी सुचलं न्हाई.

चार दिवस आला न्हाई. पाचव्या दिवशी सकाळी अनवाणी पळत आला. "दाजी, चला! गुंडी गायरानात हाय!" दोन म्हातारे, धोतर सावरत, धापा टाकत पळालो. कळप पांगला होता. एक हरणी तेवढी लांब उभी राहून पाय आपटत होती, आणि इकडं कुसळी गवतात गुंडी कान टवकारून एकेक पाऊल टाकत होती. तिच्यापुढं दहा हातांवर मातकट काहीतरी, दगडासारखं निपचित. मी ओरडलो, "गुंडे! ए गुंडे!" तिनं मानसुद्धा वळवली न्हाई. माझं तिनं कधी ऐकलंच न्हाई, ती बायकोची. पळावं तर ती झेप घेणार, उभं राहावं तरी घेणार.

तेवढ्यात मेव्हणा खाली उकिडवा बसला आणि त्यानं हाक घातली. "ये गं माय, ये... भाकर खायला ये..." बारीक, शेवटाला लांबवलेली. अगदी माझ्या बायकोची. तोच हेल, तोच मधे घेतलेला श्वास. एका आईच्या पोटची दोघं, आणि इतक्या वर्षांत मला कधी ऐकू आलं नव्हतं. गुंडी थबकली, वळली, शेपूट हलवत आली. त्यानं पिशवीतून दोरी काढली, पण बांधायला धजेना. मीच ती पिवळी दोरी घेतली आणि तिच्या गळ्यात बांधली.

"अक्का रागवंल का हो, दाजी?"

"रागवली तर माझ्यावर रागवंल. तू कामून भ्यायलास?"

तिथून मागं सरकून आम्ही तरवडाच्या झुडपाआड बसलो. हरणी परतल्याशिवाय हा काही उठणार नव्हता. "आलीच न्हाई तर? लेकराला कुत्र्याचा वास लागला असंल तर?" वीसेक वेळा विचारलं असंल. ऊन चढलं. हरणी एक पाऊल पुढं यायची, दोन मागं जायची. गुंडी दोरीला हिसके द्यायची. शेवटी हरणीनं गवताशी येऊन मान खाली घातली, आणि ते मातकट उठून, धडपडत, तिच्या पोटाखाली शिरलं. मेव्हणा तोंडात उपरणं धरून रडत होता. मला त्याला म्हणायचं होतं, एकदाच, अजून एकदा तशी हाक मार. पण हरणी पळाली असती. मी दोरी घट्ट धरून बसलो.