थोडं उजळ करा जी!

फोटो स्टुडिओत गिऱ्हाईक पाच मिनिटं बसतं, पण जाताना किस्सा ठेवून जातं. मोहाडीला माझा स्टुडिओ आहे. पूर्वी लोक फोटो काढायला यायचे. आता फोटो मोबाईलमध्ये असतोच, तो फक्त 'नीट' करून घ्यायला येतात. सोशल मीडियानं माणूस बिघडला की सुधारला, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, बाबा, ते मला ठाऊक नाही. चहा घे आणि ऐक.

नीट करायचं काम प्रतीक्षाचं. जवळच्या करडी गावची पोरगी, माझ्याकडे कॉम्प्युटरवर बसते. अर्ध्या तालुक्याचे चेहरे तिच्या माउसखालून गेलेत. स्वतः सावळी, तरतरीत, आणि जिभेला धार. मला काका म्हणते, पण ऐकत माझं अजिबात नाही.

*

एकदा एक गृहस्थ पासपोर्ट फोटोसाठी आले. प्रिंट हातात दिली तर माझ्यावरच भडकले.

"हा कोण होय जी? हा मी नोहो!"

मोबाईल काढून त्यांनी स्वतःचा फोटो दाखवला. गाल गुलाबी, डोळे मोठे, वय निम्मं! "हा पाहा. मी असा दिसतो."

प्रतीक्षा म्हणाली, "दादा, हा लावला त सायेब तुमाले ओळखणार नाई."

गृहस्थ विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "मंग असं करा. सायबासाठी तुमचा ठेवा, आन मले पाहाले हा मोठा करून द्या!"

*

आमच्याकडे वाढदिवसाचे फ्लेक्सही बनतात. गुड्डू नावाचा आमचा एक भावी सरपंच आहे. गेली कित्येक वर्षं भावीच आहे! त्यानं चौकात लावायला भला मोठा फ्लेक्स करून घेतला. मधोमध गॉगल घातलेला गुड्डू, खाली शुभेच्छुकांची रांग. जे शुभेच्छुक होते ते आणि ज्यांना आपण शुभेच्छुक असल्याचं ठाऊक नव्हतं तेही.

फ्लेक्स लागला. गुड्डूनं त्याचा स्टेटस ठेवला. दुपारी त्याची आई बाजाराला निघाली, चौकात थांबली, एकेक चेहरा निरखून पाहिला आणि तडक स्टुडिओत आली.

"भाऊ, माहा फोटो कुठी हाय? जन्म त म्याच देला ना?"

संध्याकाळी दुसरा फ्लेक्स लागला. त्यात आई मधोमध होती आणि गुड्डू खाली शुभेच्छुकांत!

*

आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड गुरुजी रोज पहाटे सगळ्यांना फुलांचा गुड मॉर्निंग पाठवतात. सगळे कंटाळलेले. घरातल्या सुनेनंसुद्धा त्यांना म्यूट केलेलं.

एक दिवस मोबाईल बिघडला, फुलं आलीच नाहीत. नऊच्या आत गुरुजींच्या दारात ही गर्दी! कुणी बीपीच्या गोळ्यांची चौकशी करतंय, कुणी नुसतंच आत डोकावतंय. गुरुजींचे डोळे भरून आले. सगळ्यांना चहा पाजला. मोबाईल मीच दुरुस्त करून आणून दिला.

आता गुरुजी मला खाजगीत सांगतात, "कोणाले सांगू नोको, पण मयन्यातून एक दिवस मी बंदच ठेवतो. लोकं येऊन जाते!"

*

प्रतीक्षाची आई शांताबाई. लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणीला जाते, म्हणजे चिखलात वाकून भाताची रोपं लावते. एका सुट्टीच्या दिवशी प्रतीक्षानं तिचा रोवणीचं गाणं म्हणताना रील काढला आणि टाकून दिला. कपाळावर चिखलाचा पट्टा, पदर खोचलेला, आवाज खणखणीत. लाइकवर लाइक!

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया ठेवणीतल्या साड्या नेसून चिखलात उतरल्या. शेतमालक ओरडला, "बायांनो, रोवणी होय का रिसेप्शन होय?"

शांताबाई म्हणाली, "रोवणी दरसाल होते जी. रील पहिल्यांदा होऊन राहिला!"

मला खरी गंमत पुढची वाटते. आजवर गावात ती 'प्रतीक्षाची माय' होती. आता भंडाऱ्याच्या एसटीत एका अनोळखी बाईनं तिला "शांताबाई ना तुमी?" असं विचारलं. ती मला हे सांगत होती आणि चेहरा असा फुलला होता की मला फार बरं वाटलं.

*

हीच शांताबाई लेकीच्या लग्नासाठी मात्र फोटो उजळ करून मागायची. दोन स्थळांकडून नकार आलेला. कारण एकच, पोरगी सावळी.

"दुनियेच्या पोरी गोऱ्या करतं, आन आपलाच फोटो काहून नाई करत?"

प्रतीक्षा म्हणायची, "तुह्या चिखलाच्या तोंडाले लोकं चांगलं म्हणून राहिले, मंग माह्या तोंडाले काय झालं? फोटो पाहून हो म्हणतीन आन मले पाहून नाई म्हणतीन. त्यापक्षा पयलेच नाई म्हणू दे."

तोंडानं असं म्हणायची. पण दुसऱ्या नकारानंतर एका दुपारी तिनं स्वतःचा फोटो स्क्रीनवर उघडला, उजळ केला, बराच वेळ बघितला आणि पुन्हा होता तसा करून टाकला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

तिसरं स्थळ तुमसरकडचं. मुलगा राइस मिलमध्ये मशीन सांभाळतो. प्रतीक्षाचा फोटो आहे तसाच गेला आणि तिकडून मुलाचा आला. शांताबाई मोबाईल घेऊन धावत स्टुडिओत. "पाह्य, कसा हाय पोरगा!"

प्रतीक्षानं पाहिलं आणि हसत सुटली. थांबेचना!

"माय, पोरगा त्यायचा हाय, पण केस माहे होत!"

झालं होतं असं की महिन्यापूर्वी कुण्या मामानं भाच्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून समोरचं टक्कल भरून मागितलं होतं. ते केस हिनंच एका दुपारी बसून उगवले होते!

पाहुणे आले तेव्हा मीही करडीला गेलो. मुलगा उघड्या डोक्यानं आला, पोहे घ्यायच्या आधीच म्हणाला, "फोटो मामानं परस्पर पाठवला जी. म्या काल पाहिला. मी असा हाओ." मामा पोह्यांतले शेंगदाणे शोधू लागला. मग मुलगा प्रतीक्षाकडे बघून म्हणाला, "तुमी त फोटोतल्यासारख्याच दिसता. मले बी असाच फोटो पाहिजे होता."

प्रतीक्षा खाली बघत म्हणाली, "मंग मोहाडीले या. काढून देऊ."

बाजाराच्या दिवशी तो खरंच आला. स्टुलावर ताठ बसला. मी कॅमेऱ्याला डोळा लावला, तर दिव्याखाली डोकं लखलखत होतं. म्हटलं, "थोडं चमकून राहिलं. लाइट कमी करतो."

कॉम्प्युटरमागून आवाज आला, "राहू द्या काका. आमच्या दोघायच्याच भिंतीवर लागणार हाय, चमकू द्या!"