रेडिओवर न वाचलेली माझी सात पत्रं

काल नात वैतागून बसली होती. तिच्या अभ्यासगटाच्या मेलिंग लिस्टवर तिचा एकही ईमेल दिसत नव्हता... नकार नाही, एरर नाही, काहीच नाही. म्हटलं, बाई, हा आजार मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी भंडाऱ्याजवळच्या करडी गावात नवी सून, मॅट्रिक पास, आणि गावाच्या मते जरा जास्तच बोलकी. पंचायतीचा रेडिओ चावडीवर असायचा, पुरुषमंडळी ऐकायची. चिखलात वाकून धानाच्या रोपांचा रोवणा आम्ही करायचा आणि शेतीचा कार्यक्रम ऐकायचा यांनी?

आम्ही बायकांनी श्रोता मंडळ काढलं, रेडिओ केंद्राकडे नाव नोंदवलं आणि पंचायतीकडून रेडिओ मागून घेतला. सरपंचांनी अट घातली... दसऱ्यापर्यंत तुमचं एक तरी पत्र कार्यक्रमात वाचलं गेलं पाहिजे, नाहीतर रेडिओ परत.

दर आठवड्याला मी एक पोस्टकार्ड लिहायची. धान पिवळं का पडतं, खोडकिड्याला काय करायचं... शनिवारी पत्रं वाचायचे, तेव्हा आम्ही साऱ्या जणी रेडिओला कान लावून बसायचो. सात कार्डं गेली, एकही वाचलं नाही.

"सूनबाई, काहून तरास करून घेऊन राहिल्या? द्या ना रेडिओ वापस," सरपंच हसत म्हणाले. असा राग आला! दसरा अजून व्हायचा होता, आणि मी काही ऐकणारी नव्हते.

शाई बदलून झाली होती, अक्षर मोठं काढून झालं होतं, पत्ता पोस्टमास्तरांना दाखवून झाला होता. उरला नवरा. ते रोज नोकरीला भंडाऱ्याला जात आणि तिथून लवकर पोचतं म्हणून माझं कार्ड तिथल्याच डब्यात टाकत.

"मी सोताच्या हातानं टाकलं न व! खिशात एकबी नाही रायलं," ते हिरमुसून म्हणाले. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो... आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला. सातही कार्डांत मी न बदललेली गोष्ट एकच होती, तो भंडाऱ्याचा डबा.

आठवं कार्ड मी स्वतः जाऊन करडीच्या डब्यात टाकलं. खाली ठसक्यात लिहिलं, "ता. क. हे आम्ही आठव्यांदा लिहितोय."

दसऱ्याआधीचा शनिवार... आणि निवेदकाने करडीचं नाव घेतलं! प्रश्न वाचला, उत्तर दिलं, मग म्हणाले, करडीच्या पोस्टाचा शिक्का असलेलं हे पहिलंच पत्र. लोक मंडळांच्या नावाने खोटी पत्रं पाठवतात, म्हणून मंडळाच्या गावाचाच पोस्टाचा शिक्का नसेल तर आम्ही पत्र बाजूला ठेवतो.

"जाय, सांग त्या सरपंचाले!" सासूबाई ओरडल्या. सांगायची गरजच नव्हती, ते दारात उभे राहून ऐकत होते. रेडिओ पुन्हा चावडीवर गेला नाही.

नातीला विचारलं, तू नाव नोंदवलंस एका पत्त्याने आणि ईमेल पाठवतेस दुसऱ्याच पत्त्यावरून, असं तर नाही ना? तिने पाहिलं... तसंच निघालं. पाच मिनिटांत ईमेल लिस्टवर!

कुणी गप्प राहिलं म्हणून आपण गप्प बसायचं नाही. त्या सात कार्डांची मी आजही ऋणी आहे... आठवं त्यांनीच लिहून घेतलं.