वायरींची खंडेनवमी

राजवर्धन म्हणजे कोल्हापुरातलं सगळं शहाणपण एका बनियनमध्ये कोंबलेलं. जन्मात तालमीत पाऊल टाकलं नाही, पण कुस्तीचे डाव हाच सांगणार. म्हशीला कधी हात लावला नाही, पण धार कशी काढावी यावर व्याख्यान ह्याचंच. हॉलमध्ये होम थिएटर बसवलं, तेव्हापासून तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना दारावरून जायची चोरी झाली. धरून आत न्यायचा आणि एचडीएमआय म्हणजे काय ते सांगत बसायचा. पावणं चहा संपवून पायताण शोधायचं.

खंडेनवमीला लोक कोयता पुजतात, ट्रॅक्टर पुजतात. ह्यानं पाटावर वायरी मांडल्या आणि त्यांच्या टोकांना बोटबोटभर हळदीकुंकू थापलं. ह्या गड्याची शस्त्रं ती!

त्याच दुपारी त्याची आई चिमणाबाई ट्रंकेतली जुनी व्हिडिओ कॅसेट घेऊन आली. तिचा नवरा आकाराम जाऊन बरीच वर्षं झालेली. वारणेकाठच्या एका जत्रेतली त्याची कुस्ती तेवढी त्या कॅसेटीत होती. म्हातारीला त्याला एकदा हलताचालता बघायचं होतं.

राजवर्धननं माळ्यावरचा व्हीसीआर उतरवला. पाटावरची तीन शेंड्यांची वायर उचलताना आधी जुनाट म्हणून नाक मुरडलं. मग पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची, असं सगळ्यांना ऐकवत पिवळं टोक टीव्हीच्या पिवळ्या भोकात खोचलं. पडदा काळाठिक्कर. आतून नुसती घरघर. बायको स्नेहल म्हणाली, टोकं जरा निरखून बघा की. तिला त्यानं भाकरीकडं बघायला सांगितलं.

शेवटी त्यानं निकाल दिला, "टेप मेलीया, आये. आबा काय आता दिसत न्हाईत. वाडीला त्यांच्या अस्थी सोडल्या त्याच संगमात सोडूया."

म्हातारीनं कॅसेट काढून फडक्यात गुंडाळली, वायरही उपसली. ही बी जाऊ दे म्हणाली, त्यांच्याच संगं. पण गेलेल्या माणसाच्या वस्तूवर कुंकू कसं ठेवायचं? पदरानं टोकं पुसायला बसली. हळदीखालून पांढरं टोक निघालं, कुंकवाखालून पिवळं.

स्नेहलनं कॅसेट परत आत सारली आणि पुसलेली वायर रंगाला रंग लावून जोडली. पडद्यावर आकाराम शड्डू ठोकत उभा राहिला.

"मी म्हणालतो की, टेप झ्याक हाय," राजवर्धन म्हणाला.

चिमणाबाई पडद्याजवळ सरकली. "बघा वो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमचा ल्योक तुमास्नी दुसऱ्यांदा पोचवाया निघालता."